मय्यतीला सारा मोहल्ला, जचकीला कोण?

आमच्या मोहल्ल्यात कुणाचा इंतकाल झाला की मशिदीच्या लाऊडस्पीकरवरून ऐलान होतं. त्यानंतर कुणाला काही सांगावं लागत नाही. चार पोरं कब्रस्तानाकडे कबर खोदायला निघतात. बाईची मय्यत असेल तर गुस्ल देणाऱ्या बायका ठरलेल्या आहेत, त्या हातातलं काम टाकून येतात. कफन कुठून आणायचं, घरात पैसे नसतील तर कोण देणार, तीन दिवस त्या घरी जेवण कुठून जाणार, सगळं ठरलेलं. मेलेला माणूस गरीब होता की श्रीमंत, याने काही फरक पडत नाही. मला आमच्या समाजाची ही गोष्ट फार आवडते.

गेल्या पावसाळ्यात असाच एक जनाजा उठला. त्याच रात्री दोनच्या सुमाराला माझा फोन वाजला. माझी जुनी विद्यार्थिनी होती. दहावीला मराठीत वर्गात पहिली आलेली मुलगी, आता लग्न होऊन आमच्याच गावात असते. नवरा ट्रकवर, त्या रात्री नागपूरच्याही पुढे. सासू अंथरुणाला खिळलेली. माहेर दुसऱ्या जिल्ह्यात. पहिलटकरीण. ती म्हणाली, "टीचर, पेट में दुखरा. संग में कोन बी नै."

दुपारी ज्या मोहल्ल्यातून दोनशे माणसं कब्रस्तानापर्यंत गेली, त्याच मोहल्ल्यात रात्री एका पोटुशी मुलीला दवाखान्यात सोबत यायला बाई सापडत नव्हती. लोक वाईट आहेत म्हणून नव्हे. मय्यतीची आमची व्यवस्था आहे, जचकीची नाही, एवढंच.

मी गेले. शेजारच्या भाच्याने रिक्षा काढली. सरकारी रुग्णालयात पोचलो तर प्रसूतिगृहाच्या दारावर नेहमीचं वाक्य ऐकलं, "नातेवाईक बाहेर थांबा." मी हळू आवाजात म्हटलं, "सिस्टर, प्रसूतीच्या वेळी एक सोबतीण आत राहू शकते असा नियम आहे ना?" नियम खरंच आहे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतिणीला परवानगी दिली. ती बाई असावी, शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, तिला संसर्गाचा आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत आणि तिने कामात लुडबुड करू नये, अशा साध्या अटी आहेत. सिस्टर माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "एकच. आणि मध्ये बोलायचं नाही."

मी अकरा तास आत होते. काय केलं? हात धरला. पाणी पाजलं. दोन कळांच्या मध्ये तिला उठवून व्हरांड्यात चालवलं. कमर दाबून दिली. ती "मेरे से नै होता टीचर" म्हणाली की मी म्हणायचे, "होतंय बेटा, झालंच." सिस्टर एकटी होती आणि आत तीन बाया. पहाटेपर्यंत तिचा सूर बदलला. मला म्हणाली, "मॅडम, त्या दुसरीलाही जरा पाणी द्या ना, तिचं कुणीच नाही." जोहरच्या नमाजनंतर थोड्या वेळाने मुलगी झाली. नॉर्मल. मुलीने ही गोष्ट लिहायची परवानगी दिली आहे, नाव लिहीत नाही.

त्या दिवशी घरी येऊन मी खूप रडले, आणि ते रडणं त्या मुलीसाठी नव्हतं. माझं स्वतःचं पहिलं बाळंतपण आठवलं होतं.

२००७ साल. खाजगी दवाखाना. बी. एड. झालेली, वर्गात साठ पोरांना एका नजरेत गप्प बसवणारी मी, त्या टेबलावर पाठीवर पडून होते आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. अम्मी बाहेर, शौहर बाहेर. उठू नको, पाणी पिऊ नको. किती वेळ लागेल विचारलं तर उत्तर नाही. शेजारच्या टेबलावरची बुरखेवाली बाई ओरडली तेव्हा कुणीतरी म्हणालं, "तुमच्यात तर दरवर्षी असतं, एवढं ओरडायला काय झालं?" ते मलाही लागलं. (ज्यांना आजही असं वाटतं त्यांच्यासाठी सांगते: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १९९२-९३ मध्ये देशात मुस्लिम बाईला सरासरी ४.४ मुलं होती, २०१९-२१ मध्ये २.३६. पण समजा एखादीला सातवं मूल होत असेल, तरी तिला टोमणा मारायचा हक्क कुणाला आहे?) नऊ तासांनंतर कागदावर माझ्या शौहरची सही घेतली आणि माझं सिझर झालं.

ते सिझर गरजेचं होतं का? मला आजही माहीत नाही. असेलही. बाळाचे ठोके खरंच कमी झाले असतील. पण मला कुणी सांगितलं नाही, आणि विचारायला माझ्या बाजूला कुणी नव्हतं. पोटावरच्या टाक्यापेक्षा मला हे जास्त दुखतं.

म्हणून नॉर्मल बाळंतपणाची चर्चा आपल्याकडे चालते, तिच्यात मला एक गोष्ट मांडायची आहे. ही चर्चा दोनच जागांवर अडकलेली असते. एक, बायका पूर्वीसारख्या कामाच्या राहिल्या नाहीत, दळण-कांडण गेलं म्हणून सिझर वाढले. दोन, डॉक्टर पैशासाठी कापतात. पहिल्यात बाईला दोष, दुसऱ्यात डॉक्टरला. आपण कुठे आहोत, हे कुणी विचारत नाही.

आकडे बघा. २०१९-२१ च्या त्याच पाहणीत देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझरने झाली. महाराष्ट्रात २५.४ टक्के. बिहारमध्ये हे प्रमाण १० टक्क्यांच्याही खाली आहे आणि तेलंगणात ६० टक्क्यांच्या वर. बिहारची बाई आणि तेलंगणाची बाई यांची शरीरं इतकी वेगळी असतात का? देशभरात सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के आणि खाजगी दवाखान्यांत ४७.४ टक्के. दार बदललं की पोट कापलं जाण्याची शक्यता तिपटीहून जास्त. तेव्हा दळण-कांडणाचा मुद्दा इथेच संपला.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की एखाद्या लोकसंख्येत सिझरचं प्रमाण १० टक्क्यांच्या पुढे गेल्यावर आई आणि बाळाचे मृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत. पण त्याच निवेदनात असंही म्हटलं आहे की ठरावीक आकड्याच्या मागे लागू नका, जिला गरज आहे त्या प्रत्येकीला सिझर मिळालं पाहिजे. आपल्याकडचे लोक पहिलं वाक्य फॉरवर्ड करतात, दुसरं गाळतात.

डॉक्टरांची बाजूही ऐकली पाहिजे. आमच्या गावात रात्री भूल देणारा डॉक्टर मिळणं कठीण. एकटी स्त्रीरोगतज्ज्ञ दवाखाना चालवते. नॉर्मलची वाट पाहत अठरा तास जागायचं, आणि शेवटच्या क्षणी काही बिघडलं तर पन्नास माणसं दवाखाना फोडायला तयार. आपल्याच मोहल्ल्यातली पोरं त्यात असतात, हे नाकारू नका. अशा भीतीत माणूस सुरक्षित वाटणारा रस्ता धरतो. पैशाचा लोभही आहे, नाही असं मी म्हणत नाही. पण लोभाला आणि भीतीला दोघांनाही मोकळं रान मिळतं ते आत पडलेली बाई एकटी आणि अडाणी असते म्हणून.

एकटी नसेल तर काय होतं? २०१७ मध्ये कोक्रेन या संस्थेने सतरा देशांतले २६ अभ्यास एकत्र तपासले. पंधरा हजारांहून जास्त बायका. ज्यांना बाळंतपणात सतत कुणीतरी सोबत होतं त्यांची बाळंतपणं नैसर्गिक होण्याची शक्यता जास्त, सिझर कमी, वेदनाशामक औषधं कमी, कळांचा वेळ थोडा कमी. ही सोबत देणाऱ्या सगळ्या काही नर्स किंवा डॉक्टर नव्हत्या. मी त्या रात्री जे केलं, म्हणजे हात धरणं, पाणी देणं, धीर देणं, तेच त्या करत होत्या.

आता कुणी म्हणेल, मग आपल्या दाया काय वाईट होत्या? माझ्या दादीची सगळी मुलं मोहल्ल्यातल्या दाई खालाने घरी केली. दाई खालाकडे खरं ज्ञान होतं. बाईला पाठीवर पाडून ठेवायचं नाही, चालवायचं, उकिडवं बसवायचं, गरम पाणी द्यायचं, घाई करायची नाही. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रसूतीसाठी ज्या शिफारशी केल्या त्यांत कमी जोखमीच्या बाईला हिंडू-फिरू द्या, हवं ते प्यायला द्या, उभ्याने-बसून कळा सोसू द्या, आणि दर तासाला गर्भाशयाचं तोंड एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे असा हट्ट धरू नका, असं सांगितलं आहे. दाई खालाला हे कागदाशिवाय माहीत होतं.

पण दादीच्या सहा मुलांपैकी दोन गेली, आणि दादीची धाकटी बहीण बाळंतपणात रक्त जाऊन गेली. दाई खाला तेव्हाही तिथेच होती. रक्त थांबवणं तिच्या हातात नव्हतं. २००१-०३ मध्ये आपल्या देशात एक लाख जिवंत जन्मांमागे ३०१ माता मरत होत्या. २०१८-२० मध्ये हा आकडा ९७ वर आला, महाराष्ट्रात ३३ वर. त्यामागे दवाखान्यातली बाळंतपणं आहेत, २००५ ची जननी सुरक्षा योजना आहे, आशा ताई आहेत. म्हणून मी कुणालाही घरी बाळंत व्हा असं सांगणार नाही. "नॉर्मलच करायचं" म्हणून कळा देणाऱ्या बाईला दवाखान्यात उशिरा नेणारे लोक मी पाहिले आहेत. हा हट्ट जीव घेतो. मला दाई खालाचा हात हवा आहे, पण दवाखान्याच्या छपराखाली, जिथे गरज पडली तर ऑपरेशन थिएटर आहे.

माझं दुसरं बाळंतपण असंच झालं. शहरातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात. एकदा सिझर म्हणजे पुढे सिझरच, असं सगळे सांगत होते. तिथल्या डॉक्टर बाईंनी जुने कागद नीट वाचले, टाका कसा आहे ते पाहिलं, आणि म्हणाल्या, "प्रयत्न करू. नाही जमलं तर थिएटर इथेच आहे." माझी फुफी आत सोबत होती. मुलगा नॉर्मल झाला. प्रत्येकीच्या बाबतीत हे शक्य नसतं, ते डॉक्टरच ठरवू शकतात. पण मला विचारलं गेलं, सांगितलं गेलं, आणि बाजूला माझं माणूस होतं. सिझर झालं असतं तरी त्या वेळी मी रडले नसते.

इथे आपल्या घरांतल्या एका वाईट सवयीबद्दल बोलते. सिझर झालेल्या सुनेला आपण टोमणे मारतो. "आम्ही चार-चार घरी केली, हिला एक जमलं नाही." पोट कापून घेऊन घरात बाळ आणलेल्या बाईला चाळीस दिवस हे ऐकावं लागतं. नॉर्मल बाळंतपण म्हणजे बहादुरीचं मेडल नव्हे. कळा सहन होत नाहीत म्हणून कुणी औषध मागितलं तर तो गुनाहही नव्हे. जी चळवळ एका बाईला उभं करायला दुसरीला खाली बघायला लावते ती मला नको.

आपल्या दीनकडे बघा. कुरआनमध्ये सूरह मरियममध्ये एका बाळंतपणाची हकिगत आहे. हजरत मरियम एकट्या आहेत, कळा त्यांना खजुराच्या बुंध्यापाशी घेऊन जातात. त्या म्हणतात की याआधीच मी मेले असते तर बरं झालं असतं. अल्लाहने निवडलेली बाई, तिच्या तोंडी हे उद्गार आहेत. त्यावर अल्लाह तिला रागावत नाही, सब्र कर असा उपदेशही करत नाही. आधी आवाज येतो, दुःख करू नको. मग पायाशी पाणी, मग ताजे खजूर, मग खा, पी आणि डोळे थंड कर. धीर, पाणी, खाणं. ज्यांना कुणी सोबत नव्हतं त्यांना वरून सोबत मिळाली. आपल्या लेकी-सुनांसाठी आपण निदान माणसांची सोबत तरी ठेवू शकतो.

जनाजाची नमाज फर्ज-ए-किफाया आहे, हे लहान पोरालाही माहीत असतं. म्हणजे काही लोकांनी केली तर सगळ्यांचं फर्ज अदा होतं, कुणीच केली नाही तर अख्खी वस्ती गुनाहगार. इमाम गझाली यांनी वैद्यकविद्येलाही फर्ज-ए-किफाया म्हटलं आहे, कारण तिच्याशिवाय वस्तीचं चालत नाही. मी आलिमा नाही, उर्दू आणि मराठी शिकवणारी बाई आहे, फतवा देणं माझं काम नव्हे. पण उलेमांना एक प्रश्न जरूर विचारते. गुस्ल देणारी बाई वस्तीत नसेल तर आपण सगळे जबाबदार, मग कळा देणाऱ्या बाईसोबत जाणारी कुणी नसेल तर कोण जबाबदार?

करायचं ते फार मोठं नाही. मय्यतीसाठी जे आहे तेच इथे हवं.

सगळ्यात आधी नावं. प्रत्येक गल्लीत दोन-तीन अशा बायका, ज्या रात्री उठून जाऊ शकतात. आशा ताईंकडे त्यांचे नंबर द्यायचे, आणि आशा ताईंनी व दवाखान्यातल्या सिस्टरने त्यांना एक दिवस शिकवायचं: काय करायचं, काय करायचं नाही, कधी सिस्टरला हाक मारायची. उरलेल्या जुन्या दाया असतील तर त्यांना पहिलं बोलवा. सुईचं काम त्यांचं नाही, हाताचं काम त्यांच्याइतकं कुणाला येत नाही.

दुसरं, सतवासा. सातव्या महिन्यात आपण गोड खाऊ घालतो, फुलं माळतो. त्याच दिवशी घरच्यांनी बसून ठरवावं: दवाखाना कुठला, गाडी कुणाची, सोबत कोण, रक्तगट कुठला, नवरा बाहेरगावी असेल तर निर्णय कोण घेणार. बाळंतपणात बायका तीन उशिरांनी मरतात, निर्णयाला उशीर, पोचायला उशीर, पोचल्यावर उपचाराला उशीर. पहिले दोन तर आपल्याच हातात आहेत. रक्त जाणं, झटके, जोराची डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधारी, बाळाची हालचाल कमी होणं, हिरवट पाणी जाणं, यांतलं काही दिसलं की कुणाची वाट पाहायची नाही, हे सासरच्या प्रत्येकाला पाठ हवं.

तिसरं, माहिती. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझरसुद्धा, मोफत आहे. औषधं, रक्त, तिथलं जेवण, ने-आण, सगळं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरांकडून तपासणी होते. १०२ आणि १०८ हे नंबर आहेत. आपल्या किती घरांना हे ठाऊक आहे? जुम्म्याच्या बयानानंतर इमाम साहेबांनी दोन मिनिटं हे सांगितलं तर पुरुषांच्या कानावर पडेल. गाडीचे पैसे आणि सही पुरुषांच्याच हातात असतात, म्हणून त्यांना कळणं जास्त गरजेचं.

चौथं, प्रश्न. डॉक्टरांशी भांडायचं नाही, विचारायचं. सिझर का लागतंय? लगेच लागतंय की थोडी वाट पाहता येईल? वाट पाहिली तर धोका काय? चांगले डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाहीत. आणि त्यांनी "लगेच" म्हटलं तर तेव्हा वाद घालायचा नाही.

कुणी म्हणेल, गप्पा मारून, चार बायका जमवून काय होणार? झारखंड आणि ओडिशाच्या आदिवासी भागात एकजूट नावाच्या संस्थेने हेच केलं. गावोगाव बायकांचे गट, महिन्यातून एक बैठक, चित्रं आणि गोष्टींमधून बाळंतपणातल्या अडचणी बोलायच्या आणि उपाय स्वतः ठरवायचे. २०१० मध्ये लॅन्सेटमध्ये त्याचा अभ्यास आला. तीन वर्षांत नवजात बाळांचे मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी. नवीन दवाखाना बांधला नव्हता, बायका एकत्र बसल्या होत्या. आपल्याकडे तर बचत गट आहेत, मदरशात मुलींचे वर्ग आहेत, इज्तेमा आहेत. बसायची सवय आहे, विषय तेवढा बदलायचा.

पर्द्याचा मुद्दाही येतो. उलट मी म्हणते, ज्यांना पर्द्याची काळजी आहे त्यांनी तर सोबतीण आग्रहाने मागावी. बेशुद्धीच्या काठावर असलेल्या बाईच्या अंगावरची चादर सारखी करायला तिचं माणूस आत हवं.

आमच्या मोहल्ल्यात आतापर्यंत पाच नावं झाली आहेत. एक गुस्ल देणारी खालाच आहे. तिला विचारलं तेव्हा ती आधी हसली, मग म्हणाली, "जाने वालों के संग तो जिंदगीभर रही, अब आने वालों के संग बी रहती." दुसरी शेजारच्या गल्लीतली मराठी काकू आहे, कुणी न बोलावता आली. माझी ती विद्यार्थिनीही नाव द्यायला आली होती, कडेवर मुलगी घेऊन. तिला म्हटलं, आधी बाळ जरा मोठं होऊ दे. ती म्हणाली, "टीचर, रात को दो बजे डर लगता, मेरे कू मालूम है ना."

तिचं नाव लिहून घेतलं.